चौथ्या पायाच्या बाजू

एकवीस वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका सकाळी, देवपूरच्या आमच्या फर्निचरच्या दुकानात वडिलांनी नानांचा साचा करवतीने मधोमध कापला. काल घर बदलताना जुन्या पलंगाचा पाय हाताला लागला आणि त्या सकाळचा सागाच्या भुशाचा वास आठवला.

नाना आमच्याकडचे सर्वांत जुने सुतार. साचा त्यांनी स्वतः बनवला होता; लांब खाच असलेला लाकडी ठोकळा. पलंगाचा चौकोनी पाय त्यात एक कड वर येईल असा ठेवायचा आणि रंधा साच्याच्या काठाला टेकेपर्यंत ती तासायची. चारही कडा तासल्या की पाय अष्टकोनी होई. मोतीबिंदूने दिसेनासे झाल्यावरही त्यांचे काम बिनचूक उतरे. वडिलांना मात्र नाना आता कामावर नको होते.

“साचाच मना डोया शे, भाऊ,” नाना वडिलांना म्हणाले.

“डोया गयात, मंग घर बसा. नहीतर हातवर आठ बाजू काढी दखाडा.”

पलंगाचे तीन पाय नानांनी साच्यावर आधीच केले होते. चौथा नानांनी अंगठ्याने चाचपत दुपारपर्यंत तासला. वडिलांनी तो गिऱ्हाइकासमोर उचलून बाजू मोठ्याने मोजल्या.

“सात! नाना, एक बाजू घर विसरी उनात का?”

सगळे हसले. मीही हसलो. नानांनी रंधा पुसून ठेवला आणि ते गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

गिऱ्हाइकाने पलंग नाकारला, म्हणून तो आमच्या घरी आला. काल मी बाजू मोजल्या. तीन पायांना आठ आहेत, चौथ्याला सात.