शेळ्यांनी गाभ टाकला तेव्हा

पेडगावात आमच्या शेळ्यांनी लागोपाठ गाभ टाकला तेव्हा मला पाचवा महिना होता. सासूबाईंनी उघड्या हातांनी वार ओढून काढली. मी पाणी तापवून दिलं, मग गोठा झाडला. नजर लागली असेल म्हणून त्यांनी मीठ-मिरच्या उतरवल्या आणि आम्ही कामाला लागलो.

पुढे सासूबाई तापानं फणफणल्या. डोकं इतकं दुखायचं की उजेड सोसेना. मग खोकला, धाप. परभणीच्या दवाखान्यात एक्स-रेमध्ये छातीत डाग दिसला. थुंकीत टीबी सापडेना, आणि न्यूमोनियाच्या इंजेक्शनांनीही ताप हटेना. त्यांची पाठ चोळताना वाटायचं, ही बाई आता हातची जाते की काय.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी जनावरं आहेत?"

"शेळ्या हायेत की," सासूबाई म्हणाल्या. "पर औंदा गाभच टिकंना."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तेव्हा शेळ्यांजवळ कोण होतं?"

"मी. आन् ही माझी सून."

त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढून घेतला.

या आजाराला क्यू फिवर म्हणतात, त्यांनी समजावलं. शेळीच्या वारेतले जंतू गोठ्यातल्या धुळीबरोबर श्वासात जातात. हा आजार फार क्वचित ओळखू येतो. आम्हा दोघींचं रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी सासूबाईंच्या गोळ्या बदलल्या, आणि थोड्याच दिवसांत ताप उतरला. त्या उठून चहा मागू लागल्या.

मला ना ताप होता ना खोकला. तरी रिपोर्टमध्ये तोच आजार निघाला.

"त्यांच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळंत होईपर्यंत दुसऱ्या घ्याव्या लागतील."

"आन् बाळ?"

"एकही गोळी चुकवू नका."

पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्या शेळ्यांची मेलेली पिल्लं मी डोळ्यांनी पाहिली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन शेळ्या वेगळ्या बांधायला लावल्या. मी माहेरी जावं, असं ह्यांचं म्हणणं होतं. पण तपासण्या परभणीलाच होत्या. आपल्यामुळं बाळाला काही होईल म्हणून सासूबाई माझ्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. दारातूनच विचारायच्या, "पोरी, हालायलंय का गं?"

कधी बाळ दुपारपर्यंत हलायचं नाही. मग मी कुशीवर पडून पोटावर हात ठेवायची, हुंदका आला तरी दाबायची, कारण बाहेर त्या कान लावून बसलेल्या असायच्या.

माझ्या वारेतही तेच जंतू असू शकतात म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाआधीच सगळ्यांना सावध केलं होतं. मास्क, चष्मे घातलेली माणसं भोवती, एकाचाही चेहरा दिसेना. मुलगी झाली. अंगानं बारीक, पण रडली ती दणकून.

सासूबाईंनी तिला लगेच घेतलं नाही. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, परत धुतले.

"आता घ्या की, आत्या," मी म्हणाले.

"थांब गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नळाकडं वळल्या.