तात बांधलेली खंजिरी

"शब्द कुठी गेले बे? माहे शब्द कुठी गेले?"

मोठेबाबा भर स्टेजवर उठून उभे राहून ओरडत होते, आणि तेही माईकमध्ये. आर्वीजवळच्या त्या गावात स्पर्धेसाठी झाडांवर चार कर्णे बांधलेले होते, त्यामुळे त्यांचे शब्द कुठी गेले हा प्रश्न पंचक्रोशीतल्या म्हशींनाही पडला. मी पेटीवर होतो. माझं बोट एका काळ्या पट्टीवर चिकटून राहिलं आणि पेटी एकाच सुरात रडत राहिली. खंजिरीवाले काका तर थांबलेच नव्हते. कापसाच्या जिनिंगात यंत्रांपाशी तीस वर्षं काढल्याने त्यांचा डावा कान गेलेला, आणि मोठेबाबा नेमके त्यांच्या डावीकडे उभे. परीक्षकांनी घंटी वाजवली, मग जोरात वाजवली, मग त्यातले एक परीक्षक उठून स्टेजवर आले आणि काकांचा हात धरला. तेव्हा कुठे शांतता झाली.

हे सांगताना पूर्वी मला हसू यायचं. पुढे लाज यायची. आता नुसती जांभई येते. पण सांगायला सुरुवात केली आहे तर सांगून टाकतो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि आमच्या नाचणगावच्या खंजिरी भजन मंडळाचे बुवा. खंजिरी भजनाच्या स्पर्धा आमच्याकडे गावोगाव होतात. पांढरे कपडे, डोक्यावर टोप्या, पंधरा मिनिटं, तीन परीक्षक. तालाला गुण, सुराला गुण, शब्दोच्चाराला गुण, पेहरावालाही गुण. आमच्या मंडळाला नेहमी दुसरा नंबर. मोठेबाबांच्या घरात दुसऱ्या नंबरच्या ढाली इतक्या, की मोठीआई त्यावर पापड वाळवायची असं मी लोकांना सांगत असे. खरं तर ढाली पाचच होत्या आणि पापड तिने एकदाच वाळवले होते.

त्या साली मोठेबाबांनी पहिल्यांदा स्वतःचं भजन रचलं. विषय दारूचा. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे दारू दुकानात मिळत नसे, घरपोच मिळे. पण हे भजन जगाच्या दारूचं नव्हतं, ते माझ्या बाबांचं होतं. मी नववीत असताना बाबा दारूने गेले. त्यानंतर मोठेबाबांनी मला शिकवलं, कपडे घेतले, वर्ध्याच्या कॉलेजात ग्रंथालयात चिकटवलं, पण धाकट्या भावाबद्दल तोंडातून एक अक्षर काढलं नाही. आणि आता एकदम आठ कडवी! सरावात त्यांनी सातच म्हटली. आठव्याचं विचारलं तर वही मिटत म्हणाले, "ते त्याच दिवशी म्हणीन. चार लोकांसमोर. एक डाव म्हणून टाकतो, मोकळा होतो."

त्यांचा दमा तेव्हा वाढला होता. स्पर्धेचं हे त्यांचं शेवटचं साल, हे सगळ्यांना माहीत होतं. नंबराचं ते बोलतही नव्हते. त्यांना ते आठवं कडवं लोकांच्या कानात घालायचं होतं, बस.

आणि त्याच उन्हाळ्यात मला एक फ्रेंच पोरगा भेटला.

वर्ध्याजवळ एका संस्थेत खादी रंगवायचं काम शिकायला तो आला होता. फिरवायला इंग्रजीवाला माणूस पाहिजे म्हणून संस्थेने कॉलेजला विचारलं. प्राध्यापक पेपर तपासण्यात गुंतलेले, प्राचार्यांचा रक्तदाब चढलेला, म्हणून मग ग्रंथालयातल्या कारकुनाला, म्हणजे मला, पाठवलं. माझं इंग्रजी असं होतं की लंडनची राणी ऐकती तर मराठी शिकती. पण फ्रेंचचं इंग्रजी माझ्यापेक्षा दिव्य निघालं, त्यामुळे आमचं छान जमलं. दीड महिना तो माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून सगळा जिल्हा हिंडला. अंगापिंडाने ढगा होता चांगला. माझी मांडी अजून दुखते.

त्याच्या कानाला कायम वॉकमन. एकदा पुलगाव स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. गाडी इतकी लेट, की बाकावर बसलो तेव्हा माझी दाढी केलेली होती. त्याने कानातलं काढून माझ्या कानात घातलं. आधी मला वाटलं, कोणी मळणीयंत्र सुरू केलं. एक माणूस फ्रेंचमध्ये नुसता बोलत होता, श्वास न घेता, हरभरे उडावेत तसे शब्द उडत होते. गाणं नाहीच. आणि त्याच्या मागे, खूप मागे, एक म्हातारी बाई काहीतरी आळवत होती, तारेचं वाद्य रडत होतं, आणि चामड्यावर थाप पडत होती.

"हे तर आमचं आहे," मी म्हणालो.

"नाही, आमचं," तो म्हणाला. "माझ्या आजीचं."

मग गाडी येईपर्यंत, म्हणजे जवळपास जन्मभर, त्याने मला समजावून सांगितलं. त्याचे आजोबा अल्जीरियातून बोटीने फ्रान्सच्या बंदरात हमालीला आले. त्यांची भाषा अरबी. नातवंडं जन्मली तिथेच, दहा-दहा मजली चाळींत, आणि त्यांची भाषा फ्रेंच. ती पोरं गातात ते हिप हॉप. बोलायचं फ्रेंचमध्ये, पण मागे लावायची आजीची तबकडी. तिचा एक तुकडा घ्यायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा, जसं आपण भजनात धृपदावर येतो. तारेचं वाद्य ते ऊद. चामड्याचं ते बेंदीर. फ्रेंचमध्ये अरबी शब्दही सरमिसळ झालेले. डॉक्टरला ती पोरं तबीब म्हणतात, आणि मजेला काय म्हणतात ते त्याने सांगितलं तर तो आपला कैफच होता, जरा आखडलेला. मी बाकावरून उठलो. कैफ पुलगावात, कैफ फ्रान्सात! बंदी फक्त वर्धा जिल्ह्यात!

"हा माणूस एवढा काय बोलतो आहे?" मी विचारलं.

"त्याच्या बापाबद्दल. बाप घरी काहीच बोलायचा नाही. म्हणून हा बोलतो." आणि मग बोट वर करून तो म्हणाला, "ताल सोपा आहे. शब्द ऐकायचे असतात. एकही शब्द पडता कामा नये."

हे त्याने मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं. माझ्याकडे सबब नाही.

जाताना तो कॅसेट मला देऊन गेला. मी ती पहिल्यांदा खंजिरीवाल्या काकांना ऐकवली. काका ओट्यावर बसले होते. उजव्या कानाला वॉकमन लावला, डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"कातडं ढिलं हाये त्याचं," मग म्हणाले. "उन्हात ठेव म्हणा."

"अजी काका, फ्रान्सात ऊन कुठी हाये?"

"मंग शेकोटीवर धर म्हणा. हात चांगला हाये पण बुवाचा. बाई कोण रडून राह्यली?"

"त्याची आजी."

"हं." पुन्हा ऐकलं. "आतून काही बांधलं हाये त्यानं. थाप मारली का मागून झर्र येते. तात हाये ते."

मी हसलो. पण फ्रेंचने मला बेंदीरचं चित्र काढून दिलं होतं, ते खिशात होतं. कागद उलटून पाहिला तर तिथे वाद्य मागून काढलेलं, आणि खरंच, चामड्याच्या मागे आडव्या दोन रेघा! समुद्रापलीकडच्या वाद्याचं पोट काकांनी एका कानाने पाहिलं होतं. ही एक गोष्ट मी वाढवून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी काका एका पिंजाऱ्याकडे गेले. पूर्वी गाद्यांचा कापूस पिंजायला धनुकलीला जी आतड्याची तात लावत, तिचे दोन तुकडे त्याच्या माळ्यावर पडले होते. ते आणून काकांनी खंजिरीच्या आतून ताणून बांधले. थाप मारली. झर्र! अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. काका साठीचे, पण तेव्हा त्यांचं तोंड नवरदेवासारखं झालं.

मग माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. मी मोठेबाबांना म्हणालो, "मोठेबाबा, तिकडे फ्रान्सात अशा विषयावर जोरात म्हणतात. तुम्ही एक ओळ म्हणा, आम्ही मागून दुप्पट चालीत दोनदा उचलतो. लोक येडे होतीन."

"शब्द समजतीन काय बे?"

"समजतीन नं! तिकडच्या लोकाइले समजतात, इकडच्याइले काऊन नाई समजणार?"

तिकडच्यांना समजतात कारण त्यांना फ्रेंच येतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला त्या कॅसेटमधलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मला वाटलं की वेग म्हणजेच गंमत. मोठेबाबांनी वही बाजूला ठेवली. "तू शिकला हायेस," ते म्हणाले. "पाह्य." सरावात ते थोडं जमलंही. अंगणात कर्णे नव्हते, लोक नव्हते, काका बेताने वाजवत होते. मोठेबाबा दमाने घ्यायचे, आम्ही मागून उचलायचो, आणि मोठीआई चहा आणताना म्हणाली, "मस्त वाटून राह्यलं जी."

स्पर्धा रात्रीची असते, पण त्या गावात भारनियमन रात्रीचं होतं म्हणून त्यांनी ती सकाळी दहाला ठेवली. आम्ही आर्वीपर्यंत एसटीने आणि पुढे ट्रॅक्टरने गेलो. पेटी माझ्या मांडीवर, तीच दुखरी मांडी. आमची पाळी चौथी आली. खंजिरी घुमली, मागून तातीची झर्र गेली आणि चारही कर्ण्यांतून बाहेर पडली. लोकांनी कान टवकारले. असा आवाज त्या तालुक्यात कोणी ऐकला नव्हता. पोट्टे टाळ्या वाजवू लागले. टाळ्या चढल्या तसे काका चढले, काका चढले तसा मी चढलो. मी तेव्हा फ्रान्सात होतो. दहाव्या मजल्यावर.

पहिलं कडवं लोकांना कळलं. बैल विकल्याचं. दुसरंही कळलं. तिसऱ्यापासून मोठेबाबांना ओळ संपवायच्या आत आम्ही उचलू लागलो. ते श्वास घेईपर्यंत आमच्या दोन फेऱ्या. पाचव्या-सहाव्याला मला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त तोंड हलताना दिसत होतं. गळ्याच्या शिरा तुरीच्या शेंगांसारख्या तट्ट फुगलेल्या. मला वाटलं रंग भरला. मी ओळी पाठ म्हणत होतो, वाफेच्या इंजिनासारखा, आणि खरं सांगतो, मजा येत होती. कैफ.

आठव्या कडव्याला त्यांनी वही उघडली, हे मी पाहिलं. त्यांनी म्हटलं. सगळं म्हटलं, चार ओळी, डोळे मिटून. आम्हाला ते कडवं येतच नव्हतं, म्हणून आम्ही थांबायला पाहिजे होतं. पण थांबतं कोण? आम्ही सातवंच पुन्हा उचललं, दुप्पट चालीत, दोनदा, तीनदा, काका झर्र झर्र करत राहिले आणि समोर पोट्टे नाचत राहिले. मोठेबाबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, मग उठले.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

नंबर आला नाही. दुसराही नाही. परीक्षकांनी पेहरावाबद्दल कौतुक केलं. एक परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाल चांगली होती, पण विषय कोणता होता?" काकांनी तिथेच बसून खंजिरीतली तात सोडली, गुंडाळून खिशात ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चुकलं गड्या. लोकाइनं टाळ्या वाजवल्या नं, मंग हात ऐकत नाई."

ट्रॅक्टर परत येईना म्हणून आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती. बाकीचे चहाच्या टपरीत शिरले. मोठेबाबा एसटीच्या थांब्याच्या सिमेंटच्या बाकावर बसले. छातीत घरघर चालली होती, वही मांडीवर, टोपी वहीवर. मी पाणी आणून दिलं. ते प्याले. मी शेजारी बसलो. मला त्यांना सगळं सांगायचं होतं. बोटीने गेलेला आजोबा, तबकडीतली आजी, घरी न बोलणारा बाप आणि त्याच्याबद्दल बोलणारा पोरगा. त्याऐवजी मी पेटीच्या भात्यावरची धूळ पुसत बसलो.

आर्वीकडे जाणारी गाडी दूर धुरळ्यात दिसू लागली.

"मोठेबाबा," मी म्हणालो, "ते आठवं कडवं मले म्हणून दाखवा नं. हळू. इथी कोणी नाई."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, वही पिशवीत टाकली.

"म्हणून झालं ते," मोठेबाबा म्हणाले.