साहेबांसाठी काढलेली वाट

अर्धं कापड कापून झालं की ते कात्री थांबवायचे आणि गिऱ्हाइकापुढे अर्ज सरकवायचे. "झाडाला सही येत न्हाई. तुमाला येतीय न्हवं?" कात्री कापडातच अडकलेली, माणूस जाणार कुठं! बसवकल्याणच्या त्या दुकानात तुम्ही गेला असतात, तर तुम्हीही सही करूनच बाहेर पडला असतात.

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कलबुर्गीच्या हद्दीतल्या डोंगरातलं रान राष्ट्रीय उद्यान व्हावं, तिथं दगडखाणी येऊ नयेत, हा एकच ध्यास. मी शाळामास्तर. मराठीत अर्ज लिहायचो, कानडी ते करायचे. "मास्तर, तुमचं लिवणं लई गोड. सायबाला जरा तिखट पायजे."

बऱ्याच वर्षांनी वनखात्याचं पत्र आलं, रानाच्या पाहणीला साहेब येणार. अण्णांनी दुकानात पेढे वाटले. डोंगराखालच्या वाडीला अण्णांचा निरोप द्यायला मी गेलो आणि त्यात त्यांच्या नावावर माझ्या पदरचं घातलं. "सायबाची जीप वरपर्यंत जायला पायजे. वाट काढा, मांडव घाला." लोकांनी हौसेनं धावड्याची, टेंभुर्णीची झाडं तोडून वाट केली. लग्नाला घालतात तसा हिरव्या डहाळ्यांचा मांडव घातला.

साहेबांनी मांडव पाहिला, मग ताजे बुंधे पाहिले. "हे कुणी तोडायला लावलं?"

मी एक पाऊल मागे सरलो. अण्णा पुढे झाले. "मीच सांगितलो, सायेब. चूक माझी."

परतताना बसमध्ये मी विचारलं, "अण्णा, कामून असं बोललाव?"

"तुमी मास्तर हाव. पोरं तुमचं ऐकत्यात. मला काय, कापडच इकायचंय."

अहवालात आलं की गावकरीच रान तोडतात. उद्यानाचा विषय तिथंच संपला. खाणवाल्यांना वाट आयतीच मिळाली. आता त्या वाटेनं दगडाच्या गाड्या दिवसभर उतरतात आणि डोंगर एका अंगानं खरवडून निघाला आहे. तो वाचेल असं मला वाटत नाही. अण्णांनी पुन्हा अर्ज मागितला नाही, मीही लिहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या मातीला वाडीची माणसं आली होती. एकजण हळूच म्हणाला, "माणूस चांगला व्हता. पर ह्येनंच वाट काढायला लावून रान घालवलं."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मी शेजारीच उभा होतो, टाकायची माती अजून मुठीतच होती. मीही मान डोलावली.