चार गिअर की सहा

गेटची कडी लावून तो चार पावलं आत यायचा, थबकायचा आणि परत जाऊन कडी लागली की नाही ते पाहायचा. रोज. मी व्हरांड्यातून ओरडायची, "लागली रे बाबा, मी पाहिली!" तरी तो ती हलवून पाहायचाच. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल, पण तुमचा तो रेसच्या गाड्या बनवत नसेल.

भिलाईच्या सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमागे यजमानांनी स्कूटरसाठी टिनाची शेड घातली होती. ते गेले, स्कूटर विकली आणि शेड मी याला गाडी बनवायला दिली. राहायला खुर्सीपार वस्तीत भावाकडे, नोकरी स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला, वय पस्तिशीचं. शिफ्ट सुटली की घरी न जाता आधी माझ्याकडे. बसला की त्याचा गुडघा हलायचा, गुडघ्याबरोबर टेबल हलायचं आणि माझा चहा बशीत यायचा. दहा वेळा रागावले असेन. मूलबाळ नसलेल्या बाईला रागवायला कुणीतरी लागतंच.

एकदा मला कुकर घ्यायचा होता म्हणून त्याला बाजारात नेलं. मोठी चूक. प्रत्येक कुकरचं झाकण त्याने लावून पाहिलं, काढून पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं. "काकू, अखीन एकदा पाहतो." शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "भैया, कुकर ले रहे हो, शादी नहीं कर रहे!" आम्ही कुकर न घेताच घरी आलो.

अशा माणसाच्या डोक्यात काय भरलं होतं म्हणाल, तर बिनक्लचचा रेसिंग गिअरबॉक्स!

तो कसा चालतो हे त्याने मला कणीक मळताना समजावलं. "काकू, तुमच्या दोनी मुठी समोरासमोर धरा. आता ह्या मुठीच्या गाठी त्या मुठीच्या खाचेत घुसवा. घुसल्या? बस, हाच आपला डॉगबॉक्स. क्लच फक्त गाडी जागची हलवायले. मंग गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला न उचलला की लिव्हर ओढायचा, खटकन."

"आणि हळूच ओढला तर?"

"हळू नाही चालत ना! मनात धाकधूक ठेवून ओढला त दात दातावर घासते अन् झिजून जाते."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. अरे देवा, म्हटलं, साऱ्या भिलाईत हा डबा यालाच आवडायचा होता!

आणि झालंही तसंच. कुठून तरी जुना डॉगबॉक्स आणून त्याने गाडीत बसवला आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चालवायला नेला. परत आला तो मान खाली घालून. व्हरांड्यात पेपर पसरून त्याने त्यावर गिअर मांडले. दातांच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल झाल्या होत्या.

"म्या कच खाल्ली, काकू," तो म्हणाला. त्या दिवशी त्याचा गुडघा हलला नाही. मला फार वाईट वाटलं.

मग नवा घ्यायचं ठरलं, आणि तिथे खरी पंचाईत सुरू झाली. चार गिअरचा घेतला तर तो ड्रिफ्टचा. गाडी आडवी घसरवत, टायरचा धूर काढत वळवायची. ते इथे राहून, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जमण्यासारखं. सहा गिअरचा घेतला तर तो रोड रेसिंगचा, म्हणजे नुसत्या वेगाच्या शर्यतीचा, आणि त्याला ट्रॅक हवा. कोइमतूरच्या एका टीमने त्याला बोलावलंच होतं: गाडी घेऊन ये, चालव, आमच्या गाड्याही सांभाळ. म्हणजे नोकरी सोडायची, भिलाई सोडायची. दोन डबे घेण्याची ऐपत नव्हती. एकच सांगायचा होता.

महिनाभर तो माझ्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. सोमवारी चार, मंगळवारी सहा. माझा रक्तदाब त्याच्याबरोबर खालीवर. चारचं नाव निघालं की मी त्याला शिरा करून घालायची. का, ते तुम्ही ओळखलं असेलच.

शेवटी गिअरबॉक्सवाल्याचा फोन आला, की आज सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. फोन हातात धरून तो माझ्यासमोर उभा राहिला. "तुमाले का वाटते, काकू?"

"मले विचारशील त जाऊ नोको," मी म्हणाले. "पण मले विचारूच नोको."

"मंग कोणाले विचारू?"

"गिअर टाकताना विचारतो का कोणाले? तूच सांगून राहिला होता ना, धाकधूक ठेवून ओढला त दात जाते. मंग ओढ ना बाप्पा एकदाचा!"

त्याने डोळे मिटले आणि फोनवर सांगून टाकलं, "सहावाला." नंतर तो खुर्चीत बसला आणि टेबल पुन्हा हलायला लागलं. मी चहा घ्यायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

नवा डबा आला, त्याने तो गाडीत बसवला. निघायच्या दिवशी गाडी न्यायला मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ट्रक उभा होता. शेडपासून तिथवर तो गाडी स्वतः चालवत नेणार होता. पाया पडला, "येतो काकू" म्हणाला आणि गाडीत बसला. गाडी गेटबाहेर पडली. त्या गिअरचा आवाज मोठा कर्कश, सारी गल्ली दारात आली. मी डोळे मिटून ऐकत होते. पहिला. खटकन दुसरा. खटकन तिसरा. मधे कुठेही अडखळला नाही.

गेट सताड उघडं होतं. आज तो परत येऊन पाहणार नव्हता. कडी मीच लावली, चार पावलं आत आले, थांबले आणि परत जाऊन हलवून पाहिली.