मॅनेजरने स्वतःलाच खेळवलं

ओथा पेटवेच्या उजव्या हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. बेसबॉलमध्ये पिचरने फेकलेला चेंडू झेलतो तो कॅचर. ओथा वीसेक वर्षं तेच करत आला होता, तळहाताला मार कमी बसावा म्हणून ग्लोव्हमध्ये मांसाचा कच्चा काप घालून. मेम्फिस, नॅशव्हिल, जॅक्सन. काळ्यांचा जो संघ बोलावील तिथे तो गेला. संघ बदलला की वय दोन वर्षांनी उतरवायचं, हा सगळ्यांचाच रिवाज. आता बेसेमरच्या संघाचा तो कॅचरही होता, मॅनेजरही, आणि सांगण्यापुरता छत्तीस वर्षांचा.

“अजून दोन संघ बदल,” पिचर सॅटरव्हाइट म्हणायचा, “म्हणजे पाळण्यात निजशील.”

१९४९च्या उन्हाळ्यात बातमी आली: रविवारी गोऱ्यांच्या क्लबचा माणूस आपल्या संघासाठी कॅचर बघायला येतोय. काळ्या खेळाडूंसाठी त्यांचं दार नुकतंच किलकिलं झालं होतं. बेसेमरकडे दुसरा कॅचर होता, लेम्युएल टार्व्हर. वय तेवीस, आणि तेही खरं. खेळवायचं कुणाला, हे मॅनेजरने ठरवायचं.

ओथाने स्वतःला खेळवलं.

“सॅटरव्हाइटचा चेंडू तुला झेपायचा नाही,” तो लेम्युएलला म्हणाला.

“मेरिडियनच्या सामन्यात मीच झेलला होता की, कप्तान.”

“मेरिडियनला वारा नव्हता.”

“आज तरी कुठेय?”

ओथा खाली बघून पॅड बांधत राहिला.

चर्च सुटल्यावर माणसं तळलेल्या माशाच्या पुड्या घेऊन मैदानाकडेला बसली. गोऱ्यांच्या क्लबचा पाहुणा कॅचरच्या बरोबर मागे, टोपी मांडीवर. तिसऱ्या डावात समोरचा गडी दुसरा बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकतो तेवढ्यात पहिल्या बेसवरून दुसरा गाठायला, धावला. त्याला बाद करायला ओथाने फेकलेल्या चेंडूने वाटेत दोन टप्पे घेतले. गडी आरामात पोचला.

“अरे, टपालाने पाठवलास काय!” एक बाई ओरडली. लोक हसले.

पुढच्या डावात पुन्हा तेच. पाहुण्याने टोपी घातली आणि तो निघून गेला.

ओथा मैदानाबाहेर आला. “लेम्युएल, तू जा.”

“आता?” एवढंच म्हणून लेम्युएल उठला.

त्याने बेस चोरू पाहणारे तिघे बाद केले, एक तर गुडघ्यावर बसल्या-बसल्या चेंडू फेकून. लोक उभे राहिले. पाहुण्याच्या जागी कुणीतरी कोट टाकला होता.

पुढच्या वर्षी संघ मोडला. लेम्युएल पोलादाच्या भट्टीवर लागला. त्या रविवाराबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. रस्त्यात भेटला की टोपीला हात लावून “कप्तान” म्हणायचा.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ओथा बायकोला म्हणाला, आणि बाजारात लांबच्या रस्त्याने जाऊ लागला.