पेन आणि पेन्सिलचं देवक

माझे वडील, आमचे आबा, लोणावळ्याला रेल्वेत गार्ड होते. खंडाळ्याचा एक साहेब विलायतेला परतताना सामान विकून गेला, त्यातून त्यांनी विटेएवढा जाड इंग्रजी शब्दकोश उचलून आणला. शब्दाचं मूळही त्यात दिलेलं असे. त्या दिवसापासून आम्हा दोघांना वेडच लागलं.

आबांनी एक वही सुरू केली. सारख्या आवाजाचे शब्द शोधायचे आणि सोयरीक जुळवताना पाहतात तसं त्यांचं देवक, म्हणजे कुळाचं चिन्ह, पाहायचं. मूळ एक निघालं तर भावकी, डाव्या पानावर. वेगळं निघालं तर परके, उजव्या पानावर. मी कन्याशाळेत शिकवायची. शाळा सुटली की जवळजवळ धावतच घरी. पेन आणि पेन्सिल सख्खी भावंडं, अशी मी पैज लावली आणि सपशेल आपटले. पेन म्हणजे मुळात पीस, पेन्सिल म्हणजे छोटीशी शेपटी! आबा मिशीतल्या मिशीत हसत होते.

बेडशाचे एक मास्तर दर रविवारी कोश पाहायला येऊ लागले. आडनाव आमचंच, म्हणून आबांनी भावकीतले समजून त्यांना घर खुलं केलं. मी त्यांना दादा म्हणावं, असंही सुचवलं. मी मास्तरच म्हणत राहिले. एकदा त्यांनी 'फ्लावर'ची जोडी आणली, फूल आणि पीठ. मी ठामपणे परके म्हटलं. कोशात निघालं, एकच! दळणातला सगळ्यात उत्तम भाग, धान्याचं फूल, म्हणून पीठ. मी टाळ्याच पिटल्या. खरं सांगते, त्या दिवसापासून मला मास्तर फार आवडू लागले.

पुढे मास्तरांनीच आबांकडे मला मागणी घातली. आबा गोरेमोरे झाले.

"आडनाव येक म्हंजी भावकी. भावाभैनीचं लगीन लावू व्हय?"

मास्तर मान खाली घालून निघून गेले. माझा मात्र संताप संताप झाला. मी वही आणून आबांपुढे ठेवली.

"आबा, शब्दाचं देवक पाहिल्याशिवाय तुम्ही त्याचं पान ठरवत नाही. माझं न पाहताच ठरवलंत?"

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून कामशेतला उतरले आणि पायी मास्तरांच्या गावी, बेडशाला गेले. मी शाळेत तिसरीच्या मुलींना चौथीची कविता शिकवत होते, हे मुलींनीच माझ्या लक्षात आणून दिलं.

संध्याकाळी आबा आले, पाय धुतले, चहा घेतला. मग वही मागितली. डावं पान की उजवं, एवढंच मी पाहत होते.

त्यांनी उजव्या पानावर, पेन आणि पेन्सिलच्या खाली, सावकाश लिहिलं: आमचं देवक कळंब, त्यांचं पंचपल्लव.

शाई वाळायच्या आत मी ते तीनदा वाचलं.