फूटपट्टीने आखलेलं बंड

इंग्रजी साहित्यातल्या आधुनिकतावादाचा उगम आणि वैशिष्ट्ये. हा प्रश्न यंदाही आला आणि मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो. महायुद्धाने माणसाचा सगळ्यावरचा विश्वास उडाला, म्हणून लेखकांनी जुने साचे मोडले, हे वाक्य प्रत्येक पेपरात होतं. एकाच गाईडमधलं, स्वल्पविरामासकट. त्याखाली फूटपट्टीने मारलेली हिरवी रेघ. ज्या लेखकांनी गोष्टीला धड सुरुवात-शेवटही ठेवला नाही, त्यांची आम्ही आठ मुद्द्यांत कशी व्यवस्थित वासलात लावली आहे! बंड कुणाचंही असो, आमच्याकडे आलं की त्याला समास आखून मिळतो.

एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘अभ्यासाला लावलेली कादंबरी पूर्ण कळली नाही. पण वीज गेल्यावर आपल्याच घरात चाचपडत चालावं, तसं वाचताना वाटत राहिलं.’

मी तो पेपर शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

“छान लिहिलंय हो पोरीने. पण मुद्दे कुठायत?”

आणि त्यांनी समासात शून्य काढलं. इतकं गोल, इतकं सुबक शून्य जमायला माणसाला आयुष्यभर गिरवावं लागतं.